खरे, खोटे, खरे

काही वर्षांपूर्वी मी लिहिलेली ही एक ओळ. मूळ नावं इंग्रजी होती, इथे मराठी केली आहेत.

अहवाल_पाठव(यादी, खरे, खोटे, खरे)

वाचून काय कळतं? अहवाल जातोय आणि यादीतल्या लोकांना जातोय, एवढंच. पुढच्या तीन खऱ्या-खोट्यांचा अर्थ लावायचा तर फंक्शन जिथे लिहिलंय ती फाइल उघडावी लागते. तिथे क्रम असा होता: फाइल दाबून लहान करायची का, ही नुसती चाचणी आहे का, आणि सोबत मूळ आकडेवारी जोडायची का. मला चाचणी घ्यायची होती. म्हणजे मधलं ‘खोटे’ हे ‘खरे’ असायला हवं होतं आणि पहिलं ‘खरे’ हे ‘खोटे’. माझ्या हातून दोघांची अदलाबदल झाली. प्रोग्राम जराही कुरकुर न करता चालला आणि अर्धवट आकड्यांचा अहवाल यादीतल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडला.

वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “लक्ष नव्हतं.” ते खरं होतं, पण अर्धंच. कारण ते फंक्शनही मीच लिहिलं होतं, आठ महिन्यांपूर्वी. चूक करणारा मी आणि त्या चुकीसाठी जागा करून ठेवणाराही मीच. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली: फंक्शन चांगलं आहे की नाही हे त्याच्या पोटात डोकावून ठरवायचं नाही, ते जिथे वापरलं जातं ती ओळ वाचून ठरवायचं.

प्रोग्रामिंगशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी थोडं थांबून सांगतो. फंक्शन म्हणजे नाव दिलेलं काम. कृती एकदा लिहून ठेवायची आणि मग लागेल तिथे तिला नावाने बोलवायचं. यालाच कॉल करणं म्हणतात. बोलवणाऱ्याला आतली कृती दिसत नाही, दिसायची गरजही नसते. त्याला दिसतो तो फक्त दर्शनी भाग, ज्याला इंटरफेस म्हणतात: नाव काय, आत काय काय द्यायचं, कोणत्या क्रमाने, बाहेर काय येणार आणि काही बिघडलं तर ते कळणार कसं. आणखी एक गोष्ट बरेचदा विसरली जाते, ती म्हणजे हे काम करता करता फंक्शन आणखी कशाला हात लावतं.

आतला कोड गचाळ असेल तर तो एका जागी गचाळ असतो. एखाद्या निवांत दुपारी बसून तो नीट करता येतो, कोणाला पत्ताही लागत नाही. दर्शनी भाग गचाळ असेल तर तो गचाळपणा कॉल होतो त्या प्रत्येक ओळीत जाऊन बसतो. अशा ओळी पाचशे असतील तर दुरुस्तीही पाचशे ठिकाणी.

एका सेटिंगची गोष्ट

माझा अहवाल ही किरकोळ बाब. हीच चूक मोठ्या प्रमाणावर काय करते ते कर्ल या लायब्ररीच्या (म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरावा म्हणून लिहून ठेवलेल्या कोडच्या) बाबतीत दिसलं. इंटरनेटवरून काही आणायचं किंवा पाठवायचं असलं की असंख्य प्रोग्राम पडद्यामागे कर्ल वापरतात. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावरचं नाव आणि आपण गेलो तो पत्ता जुळतात का, हे तपासायची एक सेटिंग कर्लमध्ये आहे. तिचं नाव ‘व्हेरिफाय होस्ट’. नाव वाचून कोणालाही वाटेल की हे चालू-बंद करायचं बटण आहे. प्रत्यक्षात तिला तीन किमती होत्या. ० म्हणजे तपासू नकोस. २ म्हणजे नाव जुळतं का ते नीट तपास. आणि १ म्हणजे प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे ना, एवढंच बघ; मग ते कोणाचं का असेना.

आता सावध प्रोग्रामर काय करेल? सुरक्षितता हवी म्हणून तो आवर्जून लिहील: व्हेरिफाय होस्ट = खरे. पीएचपीसारख्या भाषेत ‘खरे’चं आकड्यात रूपांतर झालं की १ होतो. म्हणजे सुरक्षितता वाढवायला गेलेल्या माणसाने ती स्वतःच्या हाताने काढून टाकली. त्याने त्या सेटिंगला हातच लावला नसता तर बरं झालं असतं, कारण मुळात ठेवलेली किंमत २ होती. २०१२ साली स्टॅनफर्ड आणि ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रमाणपत्र-तपासणीतले घोटाळे शोधले, तेव्हा नेमकी ही चूक असलेलं सॉफ्टवेअर सापडलं, आणि त्यात पैशांच्या व्यवहारांशी संबंधित कोडही होता. त्याच वर्षी कर्लने १ ही किंमत चूक म्हणून नाकारायला सुरुवात केली. पुढे १ आणि २ यांचा अर्थ एकच करून टाकला.

यात दोष कोणाचा? तिन्ही किमतींचा अर्थ डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेला होता. पण माझ्या मते तो बचाव होत नाही. नाव वाचून एक समजतं आणि माहितीपुस्तिका वाचून दुसरंच कळतं, तर तो प्रकार ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असाच. लोक डॉक्युमेंटेशन वाचतात ते अडल्यावर. आणि इथे तर अडतच नव्हतं, सगळं छान चालत होतं.

खऱ्या-खोट्याचं काय करायचं

सोपा उपाय आहे: किमतीसोबत तिचं नाव लिहायचं.

अहवाल_पाठव(यादी, चाचणी=खरे, आकडेवारी_जोड=खरे)

ही ओळ वाचताना दुसरी फाइल उघडावी लागत नाही. ही कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकातल्या स्मॉलटॉक भाषेत आर्ग्युमेंटची, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमतींची, नावं हा कॉलचाच भाग होता. २०१४ साली आलेल्या स्विफ्टमध्येही नाव लिहिणं हाच नेहमीचा रिवाज आहे. पायथनमध्ये ही सोय होतीच, पण डिसेंबर २००८च्या ३.० आवृत्तीपासून फंक्शन लिहिणारा पॅरामीटरच्या (म्हणजे फंक्शन जे जे मागतं त्याच्या) यादीत एक तारांकन टाकून सक्ती करू शकतो: याच्या पुढचं सगळं नावानिशीच द्या, नाहीतर कॉल चालणार नाही. मला ही सक्ती फार आवडते. (जाता जाता, पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव खरोखरच देवनागरीत ठेवता येतं. वरची ओळ चालवून बघायची असेल तर त्या नावाचं फंक्शन लिहा आणि तेवढी ‘खरे’ची भानगड इंग्रजीत करा.)

पण नावं लिहून अर्धंच काम होतं. ‘चाचणी’ या पॅरामीटरकडे नीट बघा. तो खरा असेल तर अहवाल कोणालाच जात नाही, फक्त पडद्यावर दिसतो. खोटा असेल तर तो जगभर जातो आणि परत बोलावता येत नाही. ही एकाच कामाची दोन रूपं नाहीत, ही दोन वेगळी कामं आहेत आणि मी ती एका नावाखाली कोंबली होती. ती वेगळी केली:

अहवाल_बघ(यादी)
अहवाल_पाठवून_दे(यादी)

आता एखादा शब्द चुकला म्हणून अहवाल भलताच पाठवला जाणं शक्य नाही. कुठलंही फंक्शन ‘जर हे खरं असेल तर हे सगळं कर, नाहीतर ते सगळं कर’ असं दोन भागांत चिरलेलं दिसलं, की आत दोन फंक्शनं बसली आहेत असं समजावं. सगळेच बूलियन, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या किमती, वाईट असतात असं मात्र नाही. ‘खिडकी.दिसू_दे(खोटे)’ हे वाचून कोणी गोंधळत नाही. एकच किंमत आहे आणि प्रश्न नावातच आहे. गोंधळ सुरू होतो तो दुसऱ्या बूलियनपासून. आणि दोनाहून जास्त अवस्था असतील, जशा कर्लच्या त्या सेटिंगला होत्या, तर आकडे न वापरता प्रत्येक अवस्थेला शब्द द्यावा: ‘तपासू_नको’, ‘नाव_आहे_का_बघ’, ‘नाव_जुळव’. मधला शब्द लिहिताना लेखकालाच प्रश्न पडला असता, की ही असली तपासणी कोणाला आणि कशाला हवी?

पॅरामीटर किती असावेत, याचा ठरावीक आकडा मी सांगणार नाही. विंडोजमध्ये पडद्यावर खिडकी उघडणारं ‘क्रिएट विंडो ईएक्स’ हे फंक्शन १२ पॅरामीटर घेतं आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रोग्रामर ते जुन्या ओळीवरून नक्कल करून वापरत आले आहेत. नक्कल केल्याशिवाय वापरता येत नाही, हेच त्या इंटरफेसबद्दल पुरेसं बोलकं आहे.

आधी फाइल की आधी मजकूर

क्रमाच्या चुका सगळ्यात छुप्या, कारण त्या मशीनला दिसत नाहीत. सी भाषेत मेमरीचा तुकडा एका किमतीने भरायला मेमसेट आहे:

मेमसेट(जागा, किंमत, लांबी)

किंमतही आकडा, लांबीही आकडा. शंभर बाइट शून्याने भरायचे असताना कोणी शून्य आणि शंभर यांची अदलाबदल केली, तर फंक्शन आज्ञाधारकपणे शंभर या किमतीचे शून्य बाइट भरतं. म्हणजे काहीच करत नाही. मेमरीत आधीचा कचरा तसाच राहतो आणि प्रोग्राम कधी चालतो, कधी चक्रावतो. ही अदलाबदल इतकी नेहमीची, की जीसीसी या कंपायलरमध्ये (म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) शेवटी खास तिच्यासाठी एक इशारा घालावा लागला.

एक फंक्शन चुकीचं असेल तर पाठ तरी करता येतं. खरी पंचाईत होते ती जवळजवळची फंक्शनं आपापसांत पटत नसली की. सीच्याच लायब्ररीत फाइलमध्ये मजकूर लिहायला एफप्रिंटएफ आहे आणि एफपुट्सही आहे. पहिल्याला फाइल आधी द्यायची, दुसऱ्याला शेवटी. दोघं सख्खे भाऊ, एकाच लायब्ररीतले, काम जवळपास तेच. पीएचपीत तर या गोष्टीची चेष्टाच होऊन बसली आहे. मजकुरात शब्द शोधायच्या स्ट्रपॉसला आधी मजकूर द्यायचा आणि मग शब्द. यादीत वस्तू शोधायच्या इन-अ‍ॅरेला आधी वस्तू द्यायची आणि मग यादी. अ‍ॅरे-मॅपला आधी फंक्शन लागतं आणि मग यादी, अ‍ॅरे-फिल्टरला आधी यादी आणि मग फंक्शन. ज्यांची उभी कारकीर्द पीएचपीत गेली तेही हे दर वेळी बघून घेतात. २०२०च्या पीएचपी ८ मध्ये आर्ग्युमेंट नावानिशी द्यायची सोय आली, तेव्हा कुठे ही कटकट थोडी कमी झाली.

या बाबतीत माझं मत अनुभवाने बदललं आहे. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक फंक्शन वापरकर्त्याचा क्रमांक शेवटी घेत असे. मला तो आधी असणं जास्त नैसर्गिक वाटायचं, अजूनही वाटतं. मी नवी चार फंक्शनं माझ्या पद्धतीने लिहिली. सोबतची मुलगी कोड तपासताना म्हणाली, “अहो, तुमचं बरोबर आहे, पण आता मला दोन पद्धती लक्षात ठेवायला लागतील.” मी वाद घातला आणि जिंकलो. सहा महिन्यांत त्या चार फंक्शनांच्या कॉलमध्ये क्रमांकाच्या अदलाबदलीचे तीन बग निघाले, त्यातला एक माझा. एकसारखी असली तर गैरसोयीची पद्धतही आठवड्याभरात अंगवळणी पडते. दोन पद्धतींची खिचडी कधीच अंगवळणी पडत नाही. म्हणून आता जुन्या घरात राहायला गेलो की मी तिथल्याच रीतीने वागतो. रीत बदलायचीच असेल तर सगळ्या घराची एकदम बदलायची, नाहीतर नाही.

पाच म्हणजे किती

थांब(५). किती वेळ थांबणार? पायथनच्या स्लीपला ५ दिले तर ५ सेकंद. जावाच्या स्लीपला ५ दिले तर ५ मिलिसेकंद. सीमध्ये यूस्लीपला दिले तर ५ मायक्रोसेकंद. तीन भाषांत काम करणाऱ्याला तीन उत्तरं पाठ हवीत, आणि चूक झाली तर कसलीही एरर येत नाही. फक्त सगळं हजारपट भरभर किंवा हजारपट सावकाश चालतं.

गो भाषेने वेळेसाठी वेगळा प्रकारच केला. तिथे ‘२ गुणिले सेकंद’ असं लिहायचं, म्हणजे एकक ओळीतच दिसतं. कल्पना उत्तम, तरी एक फट राहिलीच: गोमध्ये स्लीपला नुसते २ दिले तर कंपायलर अडवत नाही आणि प्रोग्राम २ नॅनोसेकंद थांबतो.

एककांच्या घोळाचं सगळ्यात महागडं उदाहरण मंगळाजवळ आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना हरवलं. यानाच्या छोट्या थ्रस्टरांनी किती रेटा दिला, याचे आकडे जमिनीवरचा एक प्रोग्राम पाउंड-सेकंदांत देत होता आणि दुसरा ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. मार्गाचं गणित हळूहळू चुकत गेलं आणि यान ठरल्यापेक्षा फारच खालून गेलं. देवाणघेवाण फंक्शनमधून नव्हती, फाइलमधून होती. आणि एकक कोणतं असावं हे कागदावर ठरलेलंही होतं. पण आकड्याच्या अंगावर ते लिहिलेलं नव्हतं. तो नुसता आकडा होता.

म्हणून माझ्या कोडमध्ये ‘वेळ’, ‘लांबी’, ‘वजन’ अशी उघडी नावं चालत नाहीत. ‘थांब(सेकंद=५)’ चालतं. शब्द लांब होतो, टायपिंग वाढतं, होऊ दे.

शोध आणि आण यांत फरक आहे

नावांबद्दल सगळे बोलतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. नाव छान असावं हे ठीकच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका शब्दाने एकच गोष्ट करावी. एका प्रोजेक्टमध्ये मला ‘गेट’, ‘फेच’, ‘लोड’ आणि ‘फाइंड’ अशी चार क्रियापदं सापडली. चारही डेटाबेसमधून एक नोंद आणत होती. वाचणारा मात्र फरक शोधत बसतो, कारण वेगळा शब्द आहे म्हणजे वेगळं काहीतरी असणारच. मराठीत विचार केला की हे पटकन ध्यानात येतं. ‘घे’ म्हणजे वस्तू समोरच आहे. ‘आण’ म्हणजे जाऊन यावं लागेल, वेळ लागेल. ‘शोध’ म्हणजे कदाचित सापडणार नाही, तयारी ठेव. असे तीन अर्थ एकदा ठरवले आणि सगळ्या कोडमध्ये पाळले, तर अर्धं डॉक्युमेंटेशन नावातच होऊन जातं.

यातच एक वाकडी गोष्ट घडते. सोपं, आखूड नाव पहिल्यांदा लिहिलेल्या फंक्शनला मिळतं. धोका नंतर लक्षात येतो आणि सुरक्षित भावंडाच्या वाट्याला लांबलचक नाव येतं. पायथनच्या पायवायएएमएल या फाइली वाचायच्या लायब्ररीत ‘लोड’ हे फंक्शन अनोळखी फाइलमधून वाट्टेल तो कोड चालू देऊ शकत होतं. सुरक्षित होतं ते ‘सेफ लोड’. घाईतला माणूस कोणतं लिहील, ते सांगायला नको. २०१९ मध्ये ‘लोड’ने इशारा द्यायला सुरुवात केली, आणि २०२१च्या ६.० आवृत्तीपासून कोणता लोडर वापरायचा हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ते चालतच नाही. आखूड नाव नेहमी बिनधोक फंक्शनला द्यावं. धोकादायक फंक्शनचं नाव लिहिताना बोटं जराशी दुखली पाहिजेत.

नाही सापडलं, हे कसं सांगायचं

पायथनमध्ये मजकुरात अक्षर शोधायला फाइंड आहे. सापडलं तर स्थान मिळतं, नाही सापडलं तर -१. आता त्याच पायथनमध्ये -१ हे शेवटच्या अक्षराचं अगदी वैध स्थान आहे. म्हणजे न सापडलेल्या अक्षराचं ‘स्थान’ घेऊन तुम्ही पुढे गेलात तर तुम्हाला शेवटचं अक्षर मिळतं आणि सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. पायथनने शेजारीच इंडेक्स नावाचं दुसरं फंक्शन ठेवलं आहे, ते न सापडल्यास सरळ एरर देतं. मी तेच वापरतो.

पीएचपीच्या स्ट्रपॉसची तऱ्हा उलटी. शब्द अगदी सुरुवातीलाच सापडला तर उत्तर ०, सापडलाच नाही तर ‘खोटे’. आणि ढोबळ तुलनेत शून्य आणि ‘खोटे’ सारखेच. त्यामुळे शब्द पहिल्याच जागी असला की कोड म्हणतो, नाही सापडला. किती तरी वर्षांनी, पीएचपी ८ मध्ये, ‘आहे का’ या साध्या प्रश्नाला साधं हो-नाही उत्तर देणारं फंक्शन आलं.

सुरक्षित जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपन-एसएसएल या लायब्ररीत हाच प्रकार जास्त महागात पडला. डिजिटल सही तपासणारं फंक्शन तीन उत्तरं देत असे: सही बरोबर तर १, चूक तर ०, आणि तपासतानाच काही बिघडलं तर -१. सीमध्ये शून्य सोडून प्रत्येक आकडा खरा. ज्याने ‘जर उत्तर खोटं असेल तर नाकार’ असं लिहिलं, त्याच्या कोडमध्ये -१ बेधडक आत शिरला. गंमत म्हणजे, ही चूक खुद्द ओपन-एसएसएलच्या आतल्या कोडमध्येच झाली होती. जानेवारी २००९ मध्ये ती जाहीर करून दुरुस्त केली गेली. ज्यांनी फंक्शन लिहिलं त्यांनाच ते नीट कॉल करता आलं नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता द्यायचा?

उत्तराबद्दल आणखी एक. प्रश्न विचारणारं फंक्शन आणि काम करणारं फंक्शन वेगळी ठेवावीत, असं बर्ट्रांड मेयर या संगणकशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं आहे. प्रश्न विचारल्याने जगात काही बदलू नये. पायथनमध्ये यादीचं ‘सॉर्ट’ मूळ यादीचाच क्रम लावतं आणि उत्तर म्हणून काहीच देत नाही. ‘सॉर्टेड’ मूळ यादीला हात न लावता नवी, क्रम लावलेली यादी देतं. एक आज्ञार्थ, एक विशेषण: ‘क्रम लाव’ आणि ‘क्रम लावलेली’. जावास्क्रिप्टचं सॉर्ट दोन्ही करतं, मूळ यादीही बदलतं आणि तीच परतही देतं. म्हणून नवशिक्याला वाटतं की मूळ यादी शाबूत आहे. २०२३ साली तिथेही ‘टू-सॉर्टेड’ आलं, मूळ यादी न बदलणारं.

गेट्स, आणि मागे राहणारी दारं

सीच्या लायब्ररीत गेट्स नावाचं फंक्शन होतं. टाइप केलेली एक ओळ वाचायची आणि दिलेल्या जागेत ठेवायची. पॅरामीटर एकच: जागा कुठे आहे. ती जागा केवढी आहे हे सांगायची सोयच नव्हती. त्यामुळे समोरून लांब ओळ आली की ती जागेबाहेर सांडायची आणि शेजारची मेमरी बिघडवायची. इथे कॉल करणाऱ्याचा काही इलाज नव्हता; कितीही काळजी घेतली तरी हे फंक्शन सुरक्षितपणे वापरताच येत नव्हतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरत जाणारा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याने ज्या वाटा वापरल्या त्यांतली एक म्हणजे फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेच्या प्रोग्राममधला गेट्सचा कॉल. धोका सगळ्यांना कळला. तरी हे फंक्शन सीच्या अधिकृत मानकातून निघायला २०११ साल उजाडलं.

इतका उशीर का? कारण दर्शनी भाग एकदा लोकांच्या हाती गेला की तो आपला राहत नाही. मेक या प्रोग्राम तयार करायच्या जुन्या साधनाच्या फाइलींत आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस देऊन सोडलेली जागा चालत नाही. हे गैरसोयीचं आहे हे त्याच्या कर्त्याला, स्टुअर्ट फेल्डमनला, लवकरच कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्याने टॅब तसाच ठेवला. त्या डझनभर लोकांच्या सोयीपायी पुढच्या सगळ्या पिढ्या टॅबशी झगडत आल्या. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइटच्या नावाने एक नियम ओळखला जातो: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कबूल केलेलं असो वा नसो, तुमच्या सॉफ्टवेअरचं दिसणारं प्रत्येक वर्तन कोणी ना कोणी धरून बसलेलं असतं. अगदी तुमचे बगसुद्धा.

म्हणून मी आता फंक्शन लिहायच्या आधी त्याचे कॉल लिहितो. फंक्शन अजून अस्तित्वातच नाही असं असताना, कागदावर तीन-चार ओळी: एक सरळ वापराची, एक अडचणीच्या वापराची, एक चुकीच्या वापराची. त्या मोठ्याने वाचतो. वाचताना जिथे अडखळतो तिथे काहीतरी चुकलेलं असतं. मग ज्याला या कामाची काही माहिती नाही अशा सहकाऱ्याला नुसती ओळ दाखवतो आणि विचारतो, “हे काय करेल असं वाटतं?” त्याने चुकीचं सांगितलं तर त्याला समजावत बसत नाही, ओळ बदलतो. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. आतला कोड नंतर कसाही बदलता येतो, पण ती पंधरा मिनिटं परत मिळत नाहीत.

ते अहवालाचं फंक्शन अजून आहे. नवी दोन लिहिल्यावर मी जुन्याचे कॉल शोधून एकेक बदलले. एक मात्र राहिला आहे. दुसऱ्या टीमचा कुठलासा प्रोग्राम दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे जुन्याच नावाने कॉल करतो, तीन खऱ्या-खोट्यांसकट. तो कोण चालवतो हे मला आजवर सापडलेलं नाही. म्हणून जुनं नाव मी तसंच ठेवलंय. आत फक्त एक ओळ आहे, जी नव्या फंक्शनला बोलावते, आणि वर एक टिप्पणी: क्रम बदलू नका, कोणीतरी वापरतंय.